मागचे फोकस

आमचे डॉक्टर जीपमध्ये पुढे बसत नसत. माझ्या शेजारची सीट रिकामी ठेवून ते मागच्या उघड्या दाराशी बसायचे, पाय बाहेर सोडून, मागे पडणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून. पेडण्याच्या बाजारातून जीप निघाली की पोरं मागे धावत ओरडायची, "दोतोर पडलो! दोतोर पडलो!" डॉक्टर गंभीर चेहऱ्याने दोन्ही हात वर करून दाखवायचे. बघा, काही धरलेलं नाही, तरी पडलो नाही. पोरं खूश व्हायची.

पुढे का बसत नाही, असं मी सुरुवातीलाच विचारलं होतं. म्हणाले, "पुढचा रस्ता तू बघतोस ना? मग तोच दोघांनी कशाला बघायचा?" खरं कारण हळूहळू कळलं. गुराला औषध देऊन निघालो की वळण येईपर्यंत ते गोठ्याकडे बघत राहायचे. बसलेली गाय उठते का, उभी होती ती बसते का. कितीतरी वेळा मागून "थांब रे!" अशी आरोळी आली आणि मी ब्रेक दाबायच्या आत ते उडी मारून उलटे पळत सुटले.

मी एका दूधसंस्थेच्या फिरत्या दवाखान्याच्या जीपवर ड्रायव्हर होतो. पेडणे तालुक्यातली गावं आमच्याकडे. माझं गाव सातार्डा, तेरेखोल नदीपलीकडचं, म्हणून डॉक्टर मला 'पलतडचो' म्हणायचे, म्हणजे पलीकडच्या काठावरचा. माझ्या नावाने त्यांनी मला कधी हाक मारली नाही. ते स्वतः डिचोलीचे. घर तिथे, आई तिथे, बायको तिथे मराठी शाळेत शिक्षिका. हे मात्र पेडण्यात एका खोलीत राहायचे आणि शनिवारी जमलं तर घरी जायचे. बहुतेक शनिवारी कुणाची तरी गाय आडवी यायची.

दूधसंस्थेचे डॉक्टर, पण स्वतः दूध पीत नसत. कोरा चहा, त्यात पाव बुडवून खायचा. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "दिवसभर आचळांकच हात लायतां. ता परत तोंडाक कित्याक लावूं?" कुणाच्याही घरात पुढच्या दाराने ते शिरत नसत. थेट मागे गोठ्यात. आधी जनावराची चौकशी, मग माणसांची, वेळ उरला तर.

या सवयीपायी मी एकदा शरमेने अर्धा झालो होतो. कोरगावात एका घरी म्हातारा वारला होता. दहावासुद्धा झाला नव्हता. वाटेवरच घर, म्हणून आम्ही भेटायला थांबलो. ओसरीवर माणसं गप्प बसलेली. डॉक्टर मुलाला म्हणाले, "म्हस दूध देता मरे?"

कुणीतरी घसा खाकरला. मी मान खाली घातली. पण तो मुलगा ढसाढसा रडायला लागला. म्हस बापाच्या हाताची. बाप गेल्यापासून कुणाला जवळ येऊ देत नव्हती, कास दगडासारखी झाली होती, आणि अशा दिवसांत म्हशीचं गाऱ्हाणं कुणाला सांगणार? डॉक्टर म्हणाले, "बापायचो न धुतिल्लो शर्ट आसा?" तो शर्ट मुलाला घालायला लावला आणि त्याला म्हशीखाली बसवलं. ते स्वतः म्हशीच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी कोंकणीत पुटपुटत राहिले. म्हशीने पान्हा सोडला. शर्टात बसलेला तो मुलगा दूध काढत होता आणि रडत होता.

त्यांची भाषांची वाटणी पक्की होती. गुरांशी फक्त कोंकणी, माणसांशी कोंकणी किंवा मराठी, समोरच्याला जमेल ती, मॅनेजरशी इंग्रजी. गोव्याची राजभाषा कुठली, हा वाद पेटला होता तेव्हाची गोष्ट. रस्त्यांवर झाडं आडवी टाकलेली, पोरं घोळक्याने उभी. आमची जीप अडवून एकाने दरडावून विचारलं, "कोंकणी की मराठी?" आम्ही पेडण्याच्या हद्दीत होतो, तिथे जोर मराठीवाल्यांचा, उत्तर काय द्यायचं ते मला माहीत होतं. पण मागून डॉक्टर म्हणाले, "ह्या पाड्याक इचार." जीपमध्ये खरोखरच पाय मोडलेला एक पाडा बांधलेला होता. नेमका त्याच वेळी तो हंबरला. पोरांना हसू आवरेना. त्यांनीच ओंडका बाजूला ओढला. त्यातला एक म्हणाला, "जावा दोतोर, तुमी खंयच्याच बाजूचे न्हय."

ते ऐकून डॉक्टर हसले होते. त्या दिवसांत ते पुष्कळ हसायचे.

आता दिव्यांचं सांगतो.

आमची जीप म्हणजे मागे दार उघडलं की दवाखाना. औषधांच्या बाटल्या, दोऱ्या, पकडी, सलाइन सगळं मागे. गोठ्यांकडे जाणाऱ्या वाटा म्हणजे दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे आणि मध्ये जीपपुरती फट. आत शिरायचं तर रिव्हर्स शिरायचं, म्हणजे मागचं दार गोठ्याशी येतं. पण मग पुढचे दिवे सगळे रस्त्यावर, आणि काम चालायचं तिकडे काळोख. गुरं विण्याचे दिवस पावसाचे, आणि पावसात वीज कधी जाईल याचा नेम नाही. कंदील धरायला एक माणूस, टॉर्च धरायला दुसरा. टॉर्च धरणारा नेमका रक्त बघून तोंड फिरवायचा आणि उजेड छपरावर जायचा.

मोपाच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, सुभद्राबाय म्हणून एक बाई राहायची. नवरा सुर्ल्याला खनिजाच्या ट्रकावर ड्रायव्हर, आठवड्यातून एकदा घरी यायचा. बाकी घर, काजू आणि म्हस ती एकटी बघायची. तिची म्हस अशीच अडली असता डॉक्टरांनी कंदिलाच्या उजेडात सोडवली होती. नवरा त्या दिवशी घरी होता. कंदील त्यानेच धरला होता. परत निघताना तो जीपच्या मागच्या बाजूकडे बोट दाखवून म्हणाला, "दोतोर, आमच्या खाणीवर लोडरांक फाटल्यान फोकस आसतात. मोडीत गेल्लो एक लोडर आसा. हांव फोरमनाक इचारतां."

आणि खरंच, पुढच्या खेपेस तो गोणपाटात गुंडाळून दोन फोकस घेऊन आला. ताटलीएवढे गोल, जाड काचेचे, वर लाल मातीचा थर. सुभद्राबायने ते राखेने घासून लख्ख केले. "आमच्या म्हशीचे म्हणून लाया," ती म्हणाली.

ते बसवायला आम्ही डिचोलीला गेलो. तिथे डॉक्टरांच्या ओळखीचा एक इलेक्ट्रिशियन होता, खाणीच्या ट्रकांची कामं करणारा. त्याने मागच्या बंपरला मधोमध दोन भोकं पाडली, खाली रबराचे वायसर घालून फोकस आवळले, चासीच्या कडेने वायर नेली, मध्ये फ्यूज घातला. स्विच डॅशबोर्डवर देतो म्हणाला. डॉक्टर म्हणाले, नको, मागे, दाराच्या आत, जिथे माझा हात पोचतो तिथे.

काळोख पडल्यावर दिवे लावून बघितले. भपकन उजेड पडला. इलेक्ट्रिशियन खूश. डॉक्टर मात्र दोन्ही हात कमरेवर ठेवून उभे. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पलतडच्या, म्हस हो."

मला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. गॅरेजच्या अंगणात, ऑइल सांडलेल्या मातीवर, मी हातांवर-गुडघ्यांवर उभा राहिलो, जीपकडे पाठ करून. डॉक्टर माझ्या मागे बसले. रस्त्याने जाणारी माणसं थांबायला लागली. "हे बघ," डॉक्टर इलेक्ट्रिशियनला म्हणाले, "दिवे माझ्या पाठीमागे. माझीच सावली म्हशीवर पडते. आता सांग, मी कसलं वासरू काढू?" मग बंपरच्या दोन टोकांना नवी भोकं पडली, फोकस आत तिरके वळवले, म्हणजे एकाची सावली दुसरा खोडेल. मग उजेड फार पांढरा, म्हस बुजेल, म्हणून काचांवर पिवळा जिलेटिन कागद लावला. दर वेळी मी म्हस. बघ्यांपैकी एकाने विचारलं, "कितें व्याली रे?" सगळे हसले. मीसुद्धा हसलो. आज त्या अंगणाची आठवण आली की वाटतं, त्याहून चांगला दिवस आम्हा दोघांना नंतर मिळाला नाही.

तिथून ते मला घरी घेऊन गेले. मी पहिल्यांदाच त्यांच्या घरी जात होतो. त्यांच्या आईचं अर्धं अंग वाऱ्याने गेलेलं, त्या आतल्या खोलीत पडून होत्या. वैनी शाळेतून येऊन त्यांना भरवत होत्या. बाहेर आल्या, हात पुसले, जीपकडे बघितलं. डॉक्टरांनी मोठ्या कौतुकाने फोकस लावून दाखवले. समोरच्या घराची भिंतसुद्धा उजळून निघाली.

वैनी शांतपणे म्हणाल्या, "गुरांना दोन दोन दिवे. आमच्या न्हाणीतला बल्ब दिवाळीत गेलाय. आईंना मी चिमणीच्या उजेडात न्हायला घालते."

डॉक्टरांचा चेहरा एकदम उतरला. "मला सांगितलं नाहीस?"

"कधी सांगू? येता कधी?"

रागाने नव्हत्या बोलल्या. म्हणूनच ते लागलं. येताना म्हापशात दुकानं बंद होत आली होती. एका दुकानाशी त्यांनी मला थांबवलं, बल्ब घेतला आणि तो हातात घेऊनच पेडण्याला आले. तो घरी पोचायला पुढे कितीतरी दिवस गेले. शनिवार आले आणि गेले.

फोकस मात्र कामाला लागले. गडग्यांच्या फटीतून मी जीप मागे घ्यायचो, इंजिन चालू ठेवायचो, नाहीतर बॅटरी बसायची. डॉक्टर खाली उतरून दाराच्या आत हात घालायचे आणि गोठा पिवळा होऊन जायचा. शेणाचे पो, भिंतीवरचा ओलावा, जनावराच्या पोटावरची शीर न् शीर दिसायची. बायका म्हणायच्या, लग्नाच्या मांडवासारखं वाटतं. त्या पावसाळ्यात आणि पुढच्याही आमच्या हातून एकही अडलेलं जनावर गेलं नाही. मध्येच गोवा राज्य झालं, दवाखान्यात पेढे आले. डॉक्टर पेढा खिशात टाकून म्हणाले, "राज्य झालं. आता मोपावरची वीज संध्याकाळपर्यंत टिकते का बघूया."

मग तो स्कूटरचा प्रकार झाला. एका संध्याकाळी पालयेहून परतताना डॉक्टरांकडून स्विच चालूच राहिला. ते थकून फळीवर आडवे झाले होते. मला पुढे काही कळायला मार्ग नव्हता. मागून स्कूटरवरून एक गृहस्थ येत होते. त्यांच्या डोळ्यांवर तो झोत आला आणि ते स्कूटरसकट भातखाचरात गेले. लागलं काही नाही, चिखलाने माखले एवढंच. पण ते आमच्याच दूधसंस्थेच्या कमिटीवर होते.

मॅनेजरने डॉक्टरांना म्हापशाच्या ऑफिसात बोलावलं. मी दारातच उभा होतो, सगळं ऐकू येत होतं. इंग्रजीत सुरुवात झाली, मग दोघेही दमून मराठीवर आले. माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "डॉक्टर, संस्थेच्या गाडीला तुम्ही न विचारता भोकं पाडलीत. उद्या कोणी मेला तर विमा कंपनी हात वर करील."

"डॅशबोर्डवर एक लाल बल्ब बसवतो," डॉक्टर म्हणाले. "मागचे चालू राहिले की पुढे तो पेटेल. ड्रायव्हरला कळेल."

"कमिटी ऐकणार नाही. काढा ते दिवे, विषय संपवा." मग थोडं थांबून, "डिचोलीच्या केंद्रावर जागा होते आहे. तुमच्या बदलीच्या अर्जाला आता वर्षं झाली. विषय शांत झाला तर मी तुमचं नाव पुढे करतो. आई कशा आहेत?"

ज्या माणसाने आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही, पुढच्या दाराने या म्हटलं तर मुद्दाम मागून गेला, तो आता नाही म्हणणार असं मी धरून चाललो होतो.

"बरं," ते म्हणाले. "काढतो."

त्यांचं काय चुकलं? घरी आई अंथरुणाला खिळलेली, बायको शाळा सांभाळून तिचं सगळं करते. कुणीही तेच केलं असतं. हे मी तेव्हाही स्वतःला सांगितलं आणि आजही सांगतो. फोकस मीच उतरवले. डॉक्टर जवळ आले नाहीत. सुभद्राबायच्याच गोणपाटात गुंडाळून ते दवाखान्यात बाकाखाली सरकवले. दाराच्या आतला स्विचही काढला. तिथे एक भोक राहिलं.

चवथीच्या आदल्या दिवशी मोपाहून निरोप आला. सुभद्राबायची म्हस अडली आहे.

आम्ही पोचलो तेव्हा संध्याकाळ कलली होती आणि पाऊस धो धो कोसळत होता. वीज दुपारीच गेलेली. घरात गणपतीच्या वर माटोळीला बांधायला काढलेली फळं तशीच सुपात पडली होती. नवरा ट्रकावर, चवथीला सकाळी यायचा. सुभद्राबाय भिजून चिंब, गोठ्याच्या दाराशी उभी. मी नेहमीसारखी जीप मागे घेतली. डॉक्टर उतरले आणि सवयीने त्यांचा हात दाराच्या आत गेला. त्या भोकावर बोटं क्षणभर थांबली.

"आमचे दिवे खंय, दोतोर?" सुभद्राबायने विचारलं. तिला काही ठाऊक नव्हतं. फक्त विचारलं.

"काढले," डॉक्टर म्हणाले. "टॉर्च दे रे."

जीप वळवायला जागा नव्हती. टॉर्च मी धरला. शेजारचा एकजण छत्री धरून उभा राहिला. वासराचा एक पाय आत दुमडलेला होता. डॉक्टर शेणात आडवे पडून, खांद्यापर्यंत हात घालून तो सरळ करत होते, आणि म्हशीशी कोंकणीत बोलत होते, "रांव गे बाये, जालें, जालें." खूप वेळ गेला. मग आम्ही दोरीने ओढलं आणि पारडू बाहेर आलं. जिवंत. पारडी होती. सुभद्राबाय हसली, पदराने तिचं नाक पुसायला लागली. डॉक्टरही हसले. बादलीत हात धुवायला बसले. मी टॉर्च पारडीवर धरला होता. सगळे तिकडेच बघत होतो.

ओढताना आतली एखादी रक्तवाहिनी फाटते कधी कधी. वेळेत दिसली तर पकड लावून धरता येते. काळी म्हस, लाल माती, शेणाचा राडा आणि वरून गोठ्यात शिरणारं पावसाचं पाणी. टॉर्चच्या उजेडात सगळं एकाच रंगाचं होतं. रक्त पन्हळीतून पाण्याबरोबर बाहेर वाहत होतं आणि आमच्यापैकी कुणालाही ते दिसलं नाही. म्हस थरथरायला लागली तेव्हा डॉक्टरांनी माझ्या हातातला टॉर्च हिसकावला, तिचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या. कागदासारख्या पांढऱ्या. मग ते पुन्हा मागे धावले, पकड लावली, मी सलाइनची बाटली उंच धरली. म्हशीने मान जमिनीवर टेकली ती उचलली नाही.

सुभद्राबाय रडली नाही, ओरडली नाही. पारडीला पोत्याने पुसत राहिली. मग उठून आतून कोरडा पंचा घेऊन आली आणि डॉक्टरांसमोर धरला. "आंग पुसा दोतोर. भिजल्यात."

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

परतताना डॉक्टर मागे बसले नाहीत. पुढचं दार उघडून माझ्या शेजारी येऊन बसले. कोलवाळच्या बाजूने येणारी गाडी गेली, तिच्या उजेडात मी बघितलं, ते काचेवरच्या वायपरकडे बघत होते. "एक लाल बल्ब," ते म्हणाले. "मी भांडलो असतो तर मॅनेजरने लावू दिला असता."

बदली चवथीनंतर झाली. ते डिचोलीला गेले. न्हाणीत बल्ब लागला, आईंच्या शेवटच्या दोन वर्षांत मुलगा उशाशी होता, वैनींच्या पाठीवरचं ओझं हलकं झालं. हे सगळं चांगलंच झालं. कामानिमित्त मी कधी तिकडे गेलो तर डॉक्टर केंद्रात टेबलाशी बसलेले दिसायचे. इस्त्रीचा शर्ट. चहात दूध. लसीकरणाचं काम, दाखले, सभा. अडलेल्या जनावराचा निरोप आला की ते हाताखालच्या तरुण डॉक्टरला पाठवायचे. लोक म्हणायचे, आता कसे माणसात आले.

आमच्याकडे जे नवे डॉक्टर आले ते पोरसवदा आणि धांदरट. पण एकदा बाकाखाली झाडताना त्यांना गोणपाट सापडलं. हे काय, म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मॅनेजरला फोन लावला. मॅनेजरही तोवर दुसरा आलेला. तो म्हणाला, लावा ना, डॅशबोर्डवर एक इंडिकेटर तेवढा द्या. फोन ठेवायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात काम झालं. मी बाहेर जाऊन जीपच्या चाकाशी बसून राहिलो. इतकं सोपं होतं ते.

सुभद्राबायने ती पारडी शेजारच्या गायीच्या दुधावर जगवली. तिची म्हस झाली, गाभण राहिली. पहिलं वेत. दिवस भरत आले तशी सुभद्राबाय दवाखान्यात आली आणि मला म्हणाली, "माका पयलोच दोतोर जाय. हिका तेणीच भायर काडली. हिचा पयला वेत तेंचे हातीन जावंदी."

मी समजावलं, नवे डॉक्टर चांगले आहेत, दिवेही आहेत. ती ऐकेना. शेवटी माझ्या सुट्टीच्या दिवशी आम्ही बसने डिचोलीला गेलो. तिने पिशवीत चिबूड घेतला होता.

डॉक्टर घराच्या बाल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या उघड्या ओट्यावर, पेपर वाचत होते. तिला बघून उठून उभे राहिले. वैनींनी तिला आग्रहाने पाटाऐवजी खुर्चीवर बसवलं. तिने सगळं सांगितलं, हसत हसत. पारडी कशी वाढली, कशी खोडकर आहे, दोऱ्या कशा तोडते. डॉक्टर पेपराची घडी करत होते. पुन्हा उलगडत, पुन्हा करत.

"तो भाग आता माझा नाही," ते म्हणाले. "तिथे डॉक्टर आहेत."

"गाडी आमी हाडतंव. माजो घोव येतलो घेवंक."

"नियमात बसत नाही, बाई."

नियम हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. सुभद्राबायला वाटलं आपण काहीतरी चुकीचं मागितलं. ती गोंधळून उठली. चिबूड पायरीवर ठेवला. मग अचानक म्हणाली, "दोतोर, ते दिसा तुमचो कायेक दोश नासलो. आमी कोणूच म्हणूंक ना."

डॉक्टरांनी मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही. ते आत निघून गेले. वैनी दारात उभ्या राहिल्या, त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

महिनाभरात म्हस व्याली. वासराचं डोकं जरा वळलेलं होतं, नव्या डॉक्टरांची तारांबळ उडाली, पण शेवटी सगळं सुखरूप झालं. मला राहवेना. मी रविवारी एकटाच डिचोलीला गेलो. डॉक्टर तिथेच बसले होते. मी पायरी चढलो आणि तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"सांगू नको."

"पण डॉक्टर..."

"मेली असली तर मला आता झेपायचं नाही. आणि जगली असली तर मी तिथे नव्हतो. दोन्ही मला नको. बस. चहा घे."

मी बसलो. त्यांनी सातार्ड्याच्या पुलाचं विचारलं, माझ्या मुलांचं विचारलं, या वर्षी काजू कसा आला ते विचारलं. मी उत्तरं दिली. चहा संपल्यावर उठलो. ते बाल्कांवावरूनच "बरं, ये" म्हणाले.

वैनी मला गेटपर्यंत सोडायला आल्या. गेटची कडी हातात धरून त्या थांबल्या, मागे वळून बघितलं आणि हळूच विचारलं, "जगली ना?"

"जगली, वैनी."

"आणि पिल्लू?"

"तेही. पारडी आहे."

त्यांनी डोळे मिटले, उघडले. मग कडी लावून त्या परत गेल्या, पायऱ्या चढून डॉक्टरांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. मी बसस्टॉपकडे निघालो. वळणावर थांबून मागे बघितलं. दोघं शेजारी शेजारी बसली होती, रस्त्याकडे बघत. वैनींचे ओठ हलताना मला दिसले नाहीत.

डॉक्टर त्यानंतर सहा-सात वर्षांनी गेले. मी बाराव्याला गेलो होतो. वैनींना विचारायचं फार मनात होतं, पण घरात माणसं होती आणि त्या रडत होत्या. त्यांनी डॉक्टरांना ते कधी सांगितलं की नाही, मला अजून माहीत नाही.